रविवारची पिवळी गोळी

सावेडीतल्या मोनिकाच्या पार्लरमध्ये भुवया करायला बायका पार भिंगारहून यायच्या. दोऱ्याचं एक टोक दातांत, बाकीचा बोटांत, आणि हात असा चालायचा की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत काम फत्ते. संधिवातानं नेमकी तीच बोटं गाठली.

डॉक्टर अर्शींनी तिला नीट समजावलं होतं. "शरीराच्या रखवालदार पेशीच तुझ्या सांध्यांवर उलटल्यात. हल्ला करायचा, वाढायचं, तर त्यांना खाणं जास्त लागतं. रविवारची गोळी ते तोडते. बाकीच्या शरीराची उपासमार नको, म्हणून इतर दिवशी फॉलिक अ‍ॅसिड." दोन्ही गोळ्या पिवळ्याच. शिवाय ताकीद दिली होती, की रविवारची गोळी चालू आहे तोवर मूल नको.

पाकिटातल्या गोळ्या काढून आठवड्याच्या डबीत भरायचं काम नवऱ्यानं, अमृतनं, आपणहून घेतलं. "नवरा असावा तर असा," गिऱ्हाइकं म्हणायची आणि मोनिका लाजायची. वेडी बिचारी!

रविवारच्या गोळीनं सोमवारी होणारी तिची मळमळ उन्हाळ्यात थांबली. गोळी मानवली म्हणून ती खूश. मग बोटं पुन्हा सुजली, दोरा हातातून सुटायला लागला आणि एका नवरीची भुवई बिघडली.

अर्शींनी डबी मागवली. रविवारच्या खणातली गोळी तळहातावर घेऊन त्यांनी तिच्यावरचा ठसा पाहिला. "मोनिका, हीसुद्धा फॉलिकच आहे. सगळ्या खणांत तीच. ज्यांचं खाणं तोडायचं, त्यांचं पान वाढलेलंच राहिलं."

घरी तिनं डबी अमृतपुढं आपटली.

तो नजर चुकवत म्हणाला, "गावाकडं सोनईला गेलं की आई नातवंडावरून लई बोलती. म्हटलं, तुला दिवस गेले तर समदं बरं हुईल."

"मला नको होतं का रे मूल? डॉक्टर म्हणाल्या होत्या, आधी सांगा, औषध बदलू, मग बघू. एकदा मला विचारायचं होतंस!"

तिला रडू आलं नाही, संताप आला. पेशींनी दगा दिला त्याचं तिला इतकं लागलं नव्हतं. त्यांना कुठं माहीत होतं, ती कोण ते? ह्याला माहीत होतं.

रविवारी ती नवं पाकीट घेऊन बसली. सुजलेल्या अंगठ्यानं गोळी निघेना.

"आण, मी काढतो," अमृतनं हात पुढं केला.

दोरा धरायची तसं तिनं पाकीट दातांत धरलं, फाडलं आणि गोळी तोंडात टाकली. त्यानं पुढं केलेला पाण्याचा पेलासुद्धा तिनं घेतला नाही.