न चुकलेलं बोनम

सुगुणाची गर्भपिशवी काढण्यात कनकव्वाचा नफा रोकडा होता. घरात सून आली की आषाढातल्या रविवारी पोशम्मा देवीच्या नैवेद्याचं मडकं, म्हणजे बोनम, सुनेनंच डोक्यावरून न्यायचं, आणि सुगुणाची पाळी नेमकी त्याच रविवारी टपकायची. दोनदा बोनम चुकलं. दुसऱ्या खेपेला म्हैस मेली. त्यामुळे सुनेच्या पोटदुखीवर गावच्या डॉक्टरनं "पिशवीच काढून टाका" म्हटलं, तेव्हा सुनेआधी सासूनं मान डोलावली. सुगुणा तेव्हा तिशीचीही नव्हती.

त्यानंतर बोनम चुकलं नाही. गुळभाताचं मडकं, त्यावर कडुलिंबाचा पाला, वर दिवा. सुगुणा पुढे आणि कनकव्वा मागे, मान अशी ताठ की मडकं जणू तिच्याच डोक्यावर आहे.

यंदा आषाढाच्या तोंडावर सुगुणा पाण्याची कळशी उचलायला गेली आणि किंचाळून तिथेच बसली. कनकव्वानं तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला.

"मणका दबलाय. आजी, या तुमच्या थोरल्या बहीण का?"

"सून आहे माझी!" कनकव्वा फणकारली. "आत्ता कुठं चाळिशीची होतेय."

"पिशवीबरोबर अंडाशयंही काढलीत यांची. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या दिल्या असतील ना?"

सुगुणानं सासूकडे पाहिलं.

"दिल्या होत्या," कनकव्वा म्हणाली. "मीच चुलीत घातल्या. त्यांनी विटाळ परत सुरू झाला असता म्हणजे?"

"अहो, पिशवीच नाही, तर येणार कुठून?"

सुगुणा हसायला लागली. पाठीत कळ आली तरी थांबेना. "ऐकलंत का अत्तम्मा? येणार कुठून! इतकी वर्षं अंगाची लाही होत होती, तर तुम्ही म्हणायच्यात, नखरे करते."

"हाडांचं औषध देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढचं मोडू नये म्हणून. दबलेलं काही सरळ व्हायचं नाही. आणि डोक्यावर ओझं आता कधीच नाही."

कनकव्वानं एवढंच विचारलं, "बोनमसुद्धा?"

रविवारी बोनम कनकव्वानंच घेतलं. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ खांबासारखी. मडकं तिच्या डोक्यावर शेजारच्या लच्चव्वानं ठेवलं. सुगुणाचे हात तिथवर पोचत नव्हते.

"म्हातारीला आई पावलीय बघा," बायका म्हणाल्या.

निघण्याआधी बोनमवालीचे पाय धुवायचे असतात. ते सुनेकडे आलं. सुगुणा तांब्या घेऊन पुढे झाली. तिला वाकावं लागलं नाही. ती वाकलेलीच होती.