ब्रदर वेंडेलच्या तोंडचं कुलूप

कर खात्यावर तोंडसुख घ्यावं ते ब्रदर वेंडेल टिपेट यांनीच. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, कॉटर्स फोर्ड गावच्या बाप्टिस्ट चर्चचे ते पाळक. निवडणुका जवळ आल्या की एक रविवार या विषयासाठी राखून ठेवलेला असायचा. "सरकारनं देवाच्या माणसाच्या तोंडाला कुलूप घातलंय!" असं म्हणत ते पुलपीटावर, प्रवचनाच्या त्या उंच मेजावर, मूठ आपटायचे आणि बाकांवरून "आमेन, ब्रदर!" असा गजर व्हायचा. चर्चला कर माफ, आणि त्या बदल्यात पाळकानं पुलपीटावरून कुठल्याही उमेदवाराची बाजू घ्यायची नाही, असा तो कायदा. "एकदा हे कुलूप निघू द्या," ब्रदर वेंडेल गरजायचे, "मग बघा मी काय बोलतो ते!"

ते कधी निघेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. म्हणून तर आवाज एवढा चढायचा.

खरं सांगायचं तर त्या कायद्यानं त्यांना जेवढं सांभाळलं, तेवढं त्यांच्या सख्ख्या आईनंही सांभाळलं नसेल. गाव एवढंसं. जो कोणी निवडणुकीला उभा राहील तो याच चर्चच्या बाकावर बसणारा, आणि त्याच्या विरोधात उभा राहणाराही त्याच्या मागच्या बाकावर. दोघंही गुपचूप येऊन म्हणायचे, "रविवारी दोन शब्द बोला ना आमच्यासाठी." ब्रदर वेंडेल छातीवर हात ठेवायचे. "आतडं तुटतं रे माझं. मनातलं तुला काय सांगू! पण कायदा आहे ना. करमाफी गेली तर चर्चला टाळं लागेल." आलेला माणूस डोळे पुसत जायचा. पडलेला आणि निवडून आलेला, दोघंही पुढच्या रविवारी येऊन तितक्याच प्रेमानं हात मिळवायचे.

अशा सुखी माणसाकडे एका बुधवारी संध्याकाळी, चर्चच्या सामुदायिक जेवणाच्या वेळी, गेलन मेब्री टोपी हलवत धावत आला. गेलनचं गुरांच्या खाद्याचं दुकान होतं. तो डीकन मंडळाचा, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांचा, प्रमुख, आणि चर्चवरचं नवं छप्पर त्याच्याच पैशातून झालेलं. यंदा तो शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या, निवडणुकीला उभा होता. पोलिसी कामाचा त्याचा अनुभव एवढाच की दुकानातल्या मांजराला त्यानं एकदा दूध चोरताना पकडलं होतं.

"ब्रदर! निघालं कुलूप!" तो ओरडला. "रेडिओवर सांगितलं. आपल्या चर्चमध्ये, आपल्या मंडळींपुढे पाळक काय बोलतो त्यात म्हणे कर खातं आता पडणार नाही!"

टाळ्या पडल्या. कोणी तरी देवाचे आभार मानले. ब्रदर वेंडेल यांच्या हातातला कॉर्नब्रेडचा तुकडा मात्र बीन्सच्या वाडग्यात पडला.

"अरे, पण कोर्टात भिजत घोंगडं असेल ना अजून?" त्यांनी आशेनं विचारलं.

"घोंगडं गेलं खड्ड्यात! तुम्ही बोला!"

भिंतीशी पियानोवर व्हर्ना स्कॉगिन्स बसली होती. ती या चर्चची पियानोवादक आणि कित्येक वर्षांची डेप्युटी शेरीफ. शेरीफपदासाठी गेलनविरुद्ध तीच उभी होती. तिनं वळून ब्रदर वेंडेल यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी घाईघाईनं बीन्समध्ये चमचा घातला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजधानीतल्या एका वकिलाला फोन लावला.

"थोडीशी तरी मनाई उरलीच असेल ना, साहेब?"

"तुम्ही बिनधास्त बोला हो, पाळकसाहेब."

"तरीपण काही धोका? एखादी नोटीस?"

"अहो, तुम्हाला बोलायचंय की नाही बोलायचं?" वकील वैतागला. त्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं.

मग रीघ लागली. शाळा समितीचा उमेदवार टूना माशाचा भाजलेला कॅसरोल घेऊन आला, त्याची प्रतिस्पर्धी दोन बरण्या लोणचं घेऊन आली. मृदसंधारण मंडळावर उभा असलेला एक जण नुसताच आला आणि जेवून गेला. गावातले अंत्यविधी करणारा ऑर्व्हिल पीच कॉरोनरच्या, म्हणजे अपमृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, जागेला उभा होता. तो पण हजर.

"ऑर्व्हिल, तुझ्याविरुद्ध तर कोणीच नाही!"

"माहितेय, ब्रदर. पण पुलपीटावरून नाव आलं की ऐकायला बरं वाटतं."

बुधवारच्या प्रार्थनेचाही पार आखाडा झाला. या चर्चची रीत अशी, की जेवणानंतर एकेकानं उठून प्रार्थनेसाठी आपली विनंती सांगायची. कोणाचा गुडघा, कोणाचा वाया गेलेला भाऊ. ज्याला आपलं दुखणं उघड करायचं नसेल त्यानं हात वर करून "न सांगितलेली" एवढंच म्हणायचं. मग कोणी काही विचारत नाही, सगळे डोळे मिटून त्या न सांगितलेल्या गोष्टीसाठी मनापासून प्रार्थना करतात. आता गेलनची बहीण उठून म्हणाली, "या जिल्ह्याला देवभिरू शेरीफ मिळावा, ज्याचं स्वतःचं दुकान आहे, अशी प्रार्थना करा." त्यावर व्हर्नाची मावशी उठली. "ज्याला बंदूक कुठल्या बाजूनं धरायची ते कळतं, असा शेरीफ मिळावा अशी करा!" आमेन म्हणताना दोन्ही बाजूंनी दात-ओठ खाल्ले.

ब्रदर वेंडेल यांची झोप उडाली. कारण त्यांचं मत त्यांना पक्कं ठाऊक होतं. मागच्या हिवाळ्यात बर्फावरून गाडी घसरून त्यांची बायको नॅडीन ओढ्यात पडली, तेव्हा कमरेइतक्या गोठलेल्या पाण्यात उतरून दार उघडलं ते व्हर्नानं. त्या वेळी गेलन काठावरून "सांभाळून!" म्हणत होता.

"मग सांग की तसं," नॅडीन म्हणाली. "आयुष्यभर कुलूप कुलूप करत होतास."

"गेलन दुखावला तर डीकन मला काढतील, नॅडीन. हे घरसुद्धा चर्चचं आहे. या वयात कुठं जाणार?"

"आणि व्हर्ना दुखावली तर?"

"ती काही नाही करायची. ती भली आहे."

"अस्सं," नॅडीन उशी झटकत म्हणाली. "म्हणजे दुखवायला भली माणसं बरी."

ब्रदर वेंडेल यांनी कूस बदलली. त्यांना ते लागलं होतं. पण भीती त्याहून मोठी होती.

रविवार उजाडला. बाकं गच्च भरली. गेलन नव्या कोटात पहिल्या रांगेत. व्हर्ना पियानोवर. ऑर्व्हिलसुद्धा केस चापून बसलेला. ब्रदर वेंडेल यांनी स्वातंत्र्यावर उपदेश केला, सिंहांच्या गुहेतल्या दानिएलावर केला, आणि आता पुढं बोलण्यासारखं काहीच उरलं नाही तेव्हा पुलपीटाच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या.

"प्रियजनहो, या शेरीफच्या निवडणुकीत माझा पाठिंबा कोणाला, ते सांगायची आज वेळ आली आहे." गेलननं कोट सारखा केला. "देवापुढे, तुमच्यापुढे मी तो आज जाहीर करतो." त्यांनी डोळे मिटले आणि उजवा हात वर केला. "न सांगितलेला!"

क्षणभर कोणालाच काही उमगेना. मग मागून एक म्हातारी सवयीनं म्हणाली, "प्रभू, त्याचं ऐक," आणि सगळ्या मंडळींनी डोळे मिटून ब्रदर वेंडेल यांच्या न सांगितलेल्या पाठिंब्यासाठी प्रार्थना केली. रीतच तशी. विचारायचं नसतं.

प्रार्थना संपली तेव्हा गेलन उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. "कळलं, ब्रदर. अगदी कळलं," म्हणत त्यानं मिठी मारली. व्हर्नाच्या मावशीनंही मिठी मारली. ऑर्व्हिल पीचनं हात दाबून धरला आणि म्हणाला, "मी कायम लक्षात ठेवीन हे." ब्रदर वेंडेल यांना अंगावरून डोंगर उतरल्यासारखं वाटलं. आपण किती हुशार आहोत याचं त्यांना स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

जेवणाच्या वेळी चर्चच्या स्वयंपाकघरात ते एकटेच शीळ घालत गोड चहाचा जग भरत होते. व्हर्ना आत आली. तिनं दार पुढं केलं आणि टेबलावरचा पीकन पाय, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांचा गोड पदार्थ, कापायला घेतला.

"ब्रदर वेंडेल, पुलपीटावरचं राहू द्या. मला एकच विचारायचंय. मत कोणाला देणार?"

शीळ थांबली. त्यांचा हात नेहमीच्या सवयीनं छातीकडे गेला. "व्हर्ना, आतडं तुटतं गं माझं..." आणि पुढचं वाक्य शोधू लागले. ते वाक्य कायद्याचं होतं, आणि तो कायदा तर कधी स्वयंपाकघरात शिरलाच नव्हता. इथं बोलण्यापासून त्यांना कोणीच, कधीच अडवलं नव्हतं. ही गोष्ट त्यांच्या आज पहिल्यांदा ध्यानात आली.

ते तिच्याजवळ सरकले. दाराकडे पाहिलं.

"तुला," ते पुटपुटले. "तुलाच गं. तुझ्याइतकी लायक दुसरी कोण आहे?"

व्हर्ना सुरी धरून तशीच उभी राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मग एवढं हळू का बोलताय?" ती म्हणाली. "टॅक्सवाले आता ऐकत नाहीत."

तेवढ्यात दार ढकलून गेलन आत आला, हातात रिकामी बशी. "काय, काय कुजबुज चाललीय? माझ्याबद्दल का?"

ब्रदर वेंडेल यांनी तोंड उघडलं. मग तो चहाचा जगच पुन्हा भरायला घेतला. गेलनचं हसू हळूहळू कमी होऊ लागलं. त्याची नजर त्यांच्यावरून व्हर्नाकडे गेली, पुन्हा त्यांच्याकडे आली. "ब्रदर?"

"पायबद्दल," व्हर्ना म्हणाली. "ब्रदर वेंडेल म्हणत होते की यंदा साखर जास्त झालीय. आण ती बशी."

"अहो, साखर जास्त म्हणजेच बरोबर!" गेलन खो खो हसला, आणि घर शाबूत राहिलं, नोकरी शाबूत राहिली.

तिनं त्याला मोठा तुकडा दिला. मग दुसरा कापून ब्रदर वेंडेल यांच्या पुढं धरला. त्यांना मान वर करवेना. या बाईनं आयुष्यात कधी खोटी साक्ष दिली नव्हती, आणि पहिली दिली ती आज, चर्चमध्ये, आपल्यासाठी.

"घ्या ना, ब्रदर," ती म्हणाली. त्यांनी बशी घेतली, आणि गेलनच्या शेजारी उभं राहून पीकन पाय खाऊ लागले.