सातांचं नाव

मंगळवार, बारा ऑगस्ट, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत नऊ जणांच्या समितीने विद्यापीठाच्या सगळ्या खेळांच्या संघांसाठी नवं नाव ठरवलं : सेव्हन. मतदान झालं नाही. समितीचे अध्यक्ष डीन थॉमस रेकर यांनी "कोणाची हरकत?" असं विचारलं, थोडं थांबले, आणि इतिवृत्तात 'एकमताने' असं लिहायला सांगितलं. ध्वनिमुद्रणात हे थांबणं अकरा सेकंदांचं आहे.

त्या अकरा सेकंदांत आर्डिस कोल्स्टॅड यांनी घरून करून आणलेल्या लिंबाच्या बारची, म्हणजे भाजलेल्या आंबटगोड वड्यांची, बशी शेजाऱ्यापुढे सरकवली. बाकी काही केलं नाही.

आर्डिस सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी एकतीस वर्षं काम केलं. समितीत त्या मृतांच्या कुटुंबांच्या प्रतिनिधी होत्या, आणि 'सेव्हन' या नावातल्या सातांपैकी एक त्यांची मुलगी आहे.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये व्हॉलीबॉलच्या एका स्पर्धेहून परतताना कार्व्हर कॉलेजची व्हॅन बिघडली. नदीपलीकडच्या वेस्ट ब्लफ कॉलेजच्या व्हॅनमध्ये तीन जागा मोकळ्या होत्या. कार्व्हरच्या तीन मुली त्या व्हॅनमध्ये बसल्या, बाकीच्या मोटेलात थांबल्या. संध्याकाळी पाचच्या सुमारास बर्फाळ रस्त्यावर व्हॅन पुलाच्या कठड्यावर आदळली. सहा खेळाडू आणि गाडी चालवणारी सहाय्यक प्रशिक्षक, सातही जणी गेल्या. कॅरिन कोल्स्टॅड वीस वर्षांची होती. ती कार्व्हरची.

तेव्हापासून दर सप्टेंबरमध्ये घरच्या पहिल्या सामन्याआधी दोन्ही कॉलेजांत हजेरी होते. संघाची कप्तान सात नावं वाचते, प्रत्येक नावाला प्रेक्षक "हजर" म्हणतात. भाषण नाही, फुलं नाहीत. दीड मिनिटात संपतं आणि सामना सुरू होतो.

या उन्हाळ्यात सरकारने ही दोन कॉलेजं मिळून एक विद्यापीठ केलं. वेस्ट ब्लफचे संघ 'राफ्टर्स', म्हणजे लाकडाचे तराफे नदीतून नेणारे. कार्व्हरचे 'हॅमर्स', म्हणजे हातोडे. दोन्ही गावांनी शंभर वर्षं एकमेकांना या नावांनी चिडवलेलं असल्यामुळे दोन्ही नावं बाद झाली. नव्या नावासाठी तेराशे सोळा सूचना आल्या. त्यांतल्या एकशे चार जणांना 'डास' हवे होते.

"डासच ठेवा," मैदानांचं सामान सांभाळणारे मार्लो फिनस्टॅड जुलैच्या बैठकीत म्हणाले. "पाहुण्यांना न घाबरणारं इथं दुसरं काय आहे?"

"तुमचा चौऱ्याण्णवचा संघ तर डासांनाही घाबरायचा," कार्व्हरकडून कोणीतरी म्हणालं.

हशा ओसरल्यावर टेसा व्रोबेल बोलली. ती व्हॉलीबॉलची कप्तान आणि समितीतली विद्यार्थी सदस्य. गेल्या सप्टेंबरमध्ये कार्व्हरच्या हॉलमध्ये हजेरी तिने घेतली होती.

"नाव दोन्ही गावांचं पाहिजे ना? मग दोन्ही गावांचं असं एकच काहीतरी आहे. चार तिकडच्या होत्या, तीन इकडच्या. एका गाडीत होत्या."

मग रेकर हळूच म्हणाले, "सेव्हन." आणि लिहून घेतलं. ते अ‍ॅरिझोनाहून तीन वर्षांपूर्वी आलेले. त्या क्षणी त्यांना खरोखर भरून आलं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

इथली माणसं भरल्या खोलीत 'नाही' म्हणत नाहीत. जे पटत नाही त्यावर बोलत नाहीत, आणि समोरच्याने त्यातून समजून घ्यायचं असतं. आर्डिस जुलैतही गप्प होत्या आणि बारा ऑगस्टलाही. त्याचा अर्थ समितीतल्या इथल्या जन्माच्या सहा जणांना कळला होता. ते सहाही जण गप्प बसले.

"मला वाटलं लिंडा बोलेल," मार्लो नंतर म्हणाले. निबंधक कार्यालयातल्या लिंडा ग्रॅबोव्ह म्हणाल्या, "मला वाटलं मार्लो बोलेल. तो आर्डिसच्या चर्चमधला आहे."

बुधवारी विद्यापीठाने नाव जाहीर केलं. त्याच दिवशी क्रीडा विभागाने नमुन्याचे चाळीस शर्ट छापायला दिले. गुरुवारी सकाळी सव्वानऊला आर्डिस आमच्या दैनिकाच्या कचेरीत आल्या.

"जुनी क्रीडापानं बघायची आहेत. व्हॉलीबॉलची. दोन्ही कॉलेजांची."

"कोणत्या वर्षांची?"

"सगळी असू द्या."

तळघरात टेबल लावून दिलं. दोन दिवस त्या तिथे होत्या. जेवायला घरून सँडविच आणलं होतं. कॉफी विचारली तेव्हा म्हणाल्या, "नको, तुम्हाला कशाला त्रास," आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर घेतली. शुक्रवारी पाच वाजता त्यांनी एकोणीस कात्रणांच्या प्रती मागितल्या. त्यांतले दोन मथळे मी दिलेले होते.

मंगळवारी, एकोणीस तारखेला, आर्डिसच्या लेखी विनंतीवरून समितीची खास बैठक झाली. खुर्च्या तीस होत्या, माणसं पन्नासच्या वर. आर्डिस उभ्या राहिल्या, चष्मा लावला.

"आज मी बार आणलेले नाहीत," त्या म्हणाल्या.

मागे एकजण हसला. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी मान वळवून पाहिल्यावर तो थांबला.

"मला बोलता येत नाही. मी वाचून दाखवते. नवीन काही नाही, सगळं छापून आलेलं आहे." त्यांनी पहिला कागद धरला. "'हॅमर्सना घरच्याच मैदानावर चिरडलं.' सप्टेंबर, एक्क्याण्णव. 'राफ्टर्सचा चुराडा.' 'हॅमर्स पुन्हा गारद.' 'राफ्टर्सना मूठमाती, शेवटचा सेट पंधरा-चार.'"

अशी एकोणीस त्यांनी वाचली. आवाज चढवला नाही. मग एक वेगळा कागद काढला आणि टेबलावरून रेकर यांच्याकडे सरकवला.

"यात जुनी नावं खोडून नवीन घातलंय. हे तुम्ही वाचा. माझ्याच्याने होणार नाही."

रेकर यांनी कागद घेतला. "सेव्हनना घरच्याच मैदानावर चिरडलं," त्यांनी वाचलं. "सेव्हनचा चुराडा. सेव्हन पुन्हा गारद." चौथ्या ओळीवर ते थांबले. कागद उलटा ठेवला.

"मिसेस कोल्स्टॅड, मला हे सुचलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही बारा तारखेला का नाही बोललात? मी विचारलं होतं."

"बोलले नाही, तेच सांगणं होतं."

"मी ती संमती धरली."

"हो. ते मी इतिवृत्तात वाचलं."

मग ग्लेन हॉर्वाथ उठले. व्हॅन चालवणारी प्रशिक्षक त्यांची थोरली बहीण. ग्लेन एकसष्ट वर्षांचे आहेत, नदीपलीकडे वेस्ट ब्लफमध्ये त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे, आणि नाव जाहीर झालं त्याच दिवशी त्यांनी दुकानाच्या काचेवर ते लावलं होतं.

"आर्डिस, एक विचारू?"

"विचार की."

"गेल्या वर्षी हजेरीला कार्व्हरच्या हॉलमध्ये किती लोक होते?"

"एकतीस."

"मोजलेत?"

"दरवर्षी मोजते."

"आमच्याकडे बावीस होते. त्यातले चार माझ्या घरचे." ग्लेननी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "तुमच्यानंतर नि माझ्यानंतर कोण उभं राहणार आहे तिथं? ही पोरं चांगली आहेत, पण यांच्या जन्माआधीची गोष्ट. दहा वर्षांत कोणीतरी म्हणेल, आता पुरे, सामन्याला उशीर होतो. नाव छातीवर छापलेलं असलं तर तसं म्हणता येणार नाही."

"छातीवर असलं की वर्षभरात नुसता आकडा होईल, ग्लेन."

"होऊ दे. आकडा तरी राहील."

आर्डिसनी चष्मा काढला. "तुझ्या बहिणीला कोणी विसरू नये असं मलाही वाटतं," त्या म्हणाल्या. "पण दर शनिवारी कुठल्यातरी गावाने तिला हरवायला यावं असं नाही वाटत. आणि ते हरवतीलही. आपले संघ कसे आहेत ते तुला माहीत आहे."

"ते मात्र खरं," मार्लो पुटपुटले. दोघे-तिघे हसले, ग्लेनसुद्धा.

टेसाने हात वर केला होता. रेकर यांनी तिला बोलायला सांगितलं.

"पेपरात येतं ते काहीच नाही, मिसेस कोल्स्टॅड. समोरच्या गॅलरीतून काय ओरडतात ते कोणी छापत नाही. आम्हीही ओरडतो. मागच्या वर्षी मी स्वतः राफ्टर्सना बुडवा म्हणून ओरडत होते. नदीकाठी राहून." ती थांबली. "मला हे ठाऊक होतं आणि तरी मी सुचवलं."

"तू चांगल्या मनाने सुचवलंस, पोरी."

"हो. पण ठाऊक होतं."

या वेळी रेकर यांनी हरकत विचारली नाही. हात वर करून मतं घेतली. नाव ठेवावं : चार. काढावं : चार, त्यात टेसा आणि मार्लो. नववं मत अध्यक्षांचं. रेकर म्हणाले, आपण बाहेरून आलो आहोत, एकदा चूक केली आहे, आता हे मत आपण देणं योग्य नाही. प्रश्न विश्वस्त मंडळाकडे गेला.

अठ्ठावीस ऑगस्टला मंडळाने त्यावर दहा मिनिटं चर्चा केली आणि निर्णय नऊ ऑक्टोबरच्या बैठकीवर ढकलला. तोपर्यंत संघांना नाव नाही.

नमुन्याचे चाळीस शर्ट अठरा तारखेलाच आले होते. खोकं मार्लोंच्या कोठीत जाळ्या आणि चेंडूंच्या पिशव्यांमध्ये ठेवलेलं आहे. क्रीडा विभागाने ते दोनदा मागवलं. दोन्ही वेळा मार्लोंनी 'पाहतो' असं सांगितलं. इथं त्याचा अर्थ काय होतो ते विभागाला माहीत आहे.

शुक्रवार, पाच सप्टेंबर, संध्याकाळी सात. विद्यापीठ एक झाल्यानंतरचा घरचा पहिला सामना, कार्व्हरच्या हॉलमध्ये. नावाचा वाद पेपरात आणि फोनांवर तीन आठवडे चालला होता, हॉल भरला. आर्डिस चौथ्या रांगेत, दाराजवळच्या त्यांच्या नेहमीच्या जागी होत्या. त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि दोनशेच्या पुढे कुठेतरी सोडून दिलं.

टेसा जाळीपाशी आली. तिच्या शर्टावर फक्त विद्यापीठाचं नाव आणि तिचा क्रमांक होता. तिने कागद उघडला. पहिल्या नावाला "हजर" विस्कळीत आलं, बऱ्याच जणांना काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. दुसऱ्याला बरं आलं. तिसऱ्यापासून पाहुण्यांचा संघ आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसंही म्हणू लागली.

"कॅरिन कोल्स्टॅड," टेसाने वाचलं. ते पाचवं नाव.

"हजर."

आर्डिस यांचे ओठ हलले. आवाज आला की नाही ते सांगता येणार नाही, आजूबाजूचा आवाज मोठा होता.

सातवं नाव झालं, टेसाने कागद घडी करून मोज्यात खोचला, शिट्टी झाली. गुणफलकावर एका बाजूला पाहुण्यांचं नाव होतं, दुसऱ्या बाजूला नुसतं 'यजमान'. पहिल्या सेटमध्ये ग्लेन हॉर्वाथ पायऱ्या उतरून आले आणि आर्डिसशेजारी बसले.

"या वर्षी माणसं आली," ते म्हणाले.

"भांडण बघायला आली."

"आली तर खरी. नावाचा विषय निघाला म्हणून आली."

आर्डिसनी पर्समधून चौकोनी डबा काढून दोघांच्या मधे ठेवला. ग्लेननी एक बार घेतला आणि अर्धा झाल्यावर कागदी रुमालात ठेवून दिला. यजमान तीन-एकने हरले.

शनिवारी आम्ही निकाल छापला. मथळ्यात विद्यापीठाचं नाव, पाहुण्यांचं नाव आणि आकडे होते, क्रियापद नव्हतं.

मंगळवार, नऊ सप्टेंबर, दुपारी दोन वाजता विश्वस्त मंडळाची ऑक्टोबरच्या बैठकीची कार्यसूची आली. सहावा विषय : संघांचं नाव. त्याखाली एकच पर्याय छापलेला आहे, सेव्हन, आणि बोलण्याची परवानगी मागणाऱ्यांची दोन नावं : हॉर्वाथ, कोल्स्टॅड. मंडळात अकरा सदस्य आहेत. त्यांपैकी आठ जणांशी आज फोनवर बोलणं झालं. एकानेही हो किंवा नाही म्हटलेलं नाही. ग्लेनच्या दुकानाच्या काचेवरचं नाव तसंच आहे. शर्टांचं खोकं बंद आहे.