पान उलटणारा माणूस

रायपूरच्या रेल्वे वॅगन वर्कशॉपच्या बँडमध्ये लहानूजी मेश्रामांनी सत्तावीस वर्षं क्लॅरिनेट वाजवली, आणि त्या सत्तावीस वर्षांत त्यांना कलावंत असं कुणी म्हटलं नाही. बँडवाला म्हणत. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, मधूनच एखाद्या साहेबाचा निरोपसमारंभ, एवढ्यापुरती त्यांची आठवण व्हायची. रिटायर झाले तेव्हा क्लॅरिनेट रेल्वेच्या स्टोअरमध्ये जमा केली, पावती घेतली आणि घरी आले. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

त्यांची मुलगी रीना सरकारच्या संस्कृती खात्यात नोकरीला होती. राज्य नवं, राजधानी नवी, म्हणून रायपूरला दर आठवड्याला काहीतरी मोठं झालंच पाहिजे अशी साहेबलोकांची हौस. या खेपेला त्यांनी पुण्याहून तिघांना बोलावलं होतं. पियानो, व्हायोलिन आणि चेलो. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवायचा. मध्यंतराच्या आधी जुन्या क्लासिकल काळातली एक रचना आणि नंतर रोमँटिक काळातली एक, असा बेत होता. बूढापारा भागातल्या हॉलमध्ये एका शाळेचा पियानो सहा जणांनी घाम गाळून आणून ठेवला. सगळं जमलं, आणि दुपारी कळलं की पानं उलटणारी मुलगी तापाने फणफणली म्हणून नागपूरलाच उतरून गेली.

पियानो वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. समोरच्या वहीचं पान दुसऱ्या कुणीतरी उलटावं लागतं, आणि त्या दुसऱ्याला नोटेशन वाचता यावं लागतं. साहेबांनी विचारलं, रायपुरात आहे का असं कोणी? रीना बोलून गेली, माझे वडील आहेत. शाळेत असताना हीच पोट्टी बँड दिसला की मैत्रिणींना घेऊन दुसऱ्या गल्लीत शिरायची. लहानूजींना ते ठाऊक होतं. त्यांना त्याचं वाईट वाटायचं, पण तिला त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

त्यामुळे तिचा फोन आला तेव्हा ते मागचा-पुढचा विचार न करता "हव, येतो" म्हणून मोकळे झाले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. मीराबाई तांदूळ निवडत होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा चेहरा त्यांना वर्तमानपत्रापेक्षा जास्त वाचता यायचा.

"काहून? येत नाही का तुमाले?"

"एक ओळ येते. क्लॅरिनेटले एकच असते. पियानोले दोन असतात, न् खालची ओळ वाचाची रीतच अलग."

"मंग सांगून टाका पोरीले."

"तिनं साहेबाले माह्यं नाव सांगतलं, मीरा."

मीराबाई उठल्या आणि पुतण्याच्या लग्नासाठी पंडरीच्या बाजारातून घेतलेली काळी पँट ट्रंकेतून काढून दिली.

पियानो वाजवणाऱ्या मंजिरीबाई चाळिशीच्या, हसऱ्या आणि कामाला चोख होत्या. त्यांनी लहानूजींना काका म्हणून जवळ बसवलं आणि रीत समजावली. डावीकडे बसायचं, पान संपत आलं की उठून वरचा कोपरा धरायचा, हाताची सावली पडू द्यायची नाही. "मी मान हलवली की उलटायचं," त्या म्हणाल्या. एवढंच असेल तर जमेल, असं लहानूजींना वाटलं.

मग त्यांनी वही उघडली. पियानोच्या दोन ओळी त्यांना अपेक्षेप्रमाणे परक्या वाटल्या. पण त्यांच्या डोक्यावर, बारीक अक्षरात, व्हायोलिनची ओळ छापलेली होती. एकटी. अगदी क्लॅरिनेटच्या ओळीसारखी. लहानूजींचा जीव भांड्यात पडला. आपली ओळ सापडली, आता तिचं बोट सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. तालमीत पहिली रचना पूर्ण वाजवून झाली आणि दुसरी सुरू करणार, तेवढ्यात खुर्च्यावाले खुर्च्या आपटत आत शिरले. तालीम तिथेच आटोपली.

संध्याकाळी हॉल भरला. पहिली रचना सुरेख झाली. एकेका भागानंतर वाजवणारे जरा थांबले की रायपूरकर टाळ्या पिटत होते. तिथे टाळी वाजवायची नसते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगूनही त्यांनी ऐकलं असतं असं वाटत नाही. मंजिरीबाई मान हलवत, लहानूजी पान उलटत. नऊ वर्षांनी सुरांच्या इतकं जवळ बसायला मिळालं होतं. ते मनापासून खूश होते.

दुसऱ्या रचनेचा दुसरा भाग संथ होता. त्याचं तिसरं पान निम्मं झालं आणि व्हायोलिन गप्प झालं. वहीत त्या ओळीवर आता नुसत्या थांबण्याच्या खुणा होत्या, पान संपेपर्यंत बारा बार. एका बारमध्ये, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या घरात, तीन मात्रा. खाली पियानो आणि चेलो एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते आणि त्यातलं काहीच लहानूजींना वाचता येत नव्हतं. मग त्यांनी बँडवाला जे करतो ते केलं. बुटाच्या आत अंगठा दाबत मोजायला लागले. एक-दोन-तीन, दोन-दोन-तीन, तीन-दोन-तीन. बँडमास्तरने पहिलं वर्षभर त्यांना वाजवू दिलं नव्हतं, नुसतं मोजायला लावलं होतं.

नवव्या बारला मंजिरीबाईंनी मान हलवली.

लहानूजींनी पानाचा कोपरा धरलेलाच होता. हात उचलला आणि तसाच राहिला. बाई पुण्याच्या, नावाजलेल्या, त्यांनी सांगितलेलं ऐकायचं की अंगठ्याचं? पहिल्या रांगेत साहेब होते, बाजूला रीना उभी होती. चुकलं असतं तर तिची नाचक्की झाली असती, आणि सांगितलेलं न ऐकता चुकलं असतं तर जास्तच. पण लहानूजींची बोटं हलली नाहीत. दहा-दोन-तीन. अकरा-दोन-तीन. बारावा बार सरत आला आणि त्यांनी पान उलटलं. नव्या पानाच्या पहिल्याच सुरावर व्हायोलिन परत आलं.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या खोलीत चहा आला. मंजिरीबाईंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "काका, संथ भागात मी मान हलवली होती. तुम्ही पान का नाही उलटलं?"

रीना तिथेच उभी होती. लहानूजींना खोटं बोलवेना.

"खरं सांगतो, मॅडम. मले पियानोचं वाचता येत नाही. व्हायोलिनची ओळ पाहून राहिलो होतो. ते थांबलं, मंग मोजून राहिलो. तीन बार बाकी होते."

मंजिरीबाई म्हणाल्या, "माझे डोळे मिटले होते हो. सुरांच्या नादात मान हलली. पान गेलं असतं तर ते तीन बार मला पाठ नव्हते. सगळ्यांसमोर थांबावं लागलं असतं."

एवढ्यात साहेब आत आले आणि हे कोण म्हणून विचारू लागले. लहानूजी उठायला लागले, त्याआधीच रीना बोलली, खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात. "पापा हैं मेरे, सर. रेलवे के बँड में क्लॅरिनेट बजाते थे. सत्ताईस साल."

लहानूजींचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

मंजिरीबाईंनी विचारलं, उद्या भिलाईला हाच कार्यक्रम आहे, काका याल का?

"येतो," लहानूजी म्हणाले. "पण उद्या मान हलवू नका, मॅडम. मी मोजतो."