उशिरा कानी येणारा आवाज

मित्रांनो, मी वारज्यातला एक जुना लॅपटॉप आहे. माझ्यात एक पत्र पडून होतं. ते विश्रांतवाडीच्या बुद्धभूषण यांचं होतं. त्यांना दिसत नाही. न दिसणाऱ्या मुलांसाठी ते बोलती पुस्तकं जमवतात. ‘दिगंबरराव, मुलं आपल्या पुढच्या पुस्तकाची वाट पाहताहेत. वाचाल ना?’ एवढंच त्यात होतं. दिगंबरकाका ते रोज उघडत आणि उत्तर न देता मिटत.

काका माझे मालक. जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला. चारचौघांत बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडणारा माणूस. पण अडगळीच्या खोलीत, भोवती गोधड्या टांगून ते वाचायला बसले की ऐकत राहावं. चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण येते, म्हणून सगळा भार माझ्या बॅटरीवर. आणि हेडफोन दोन्ही कानांवर, कारण तपासल्याशिवाय ओळ सोडायची नाही ही छापखान्याची सवय. बोलतानाच स्वतःचा आवाज त्यांना माझ्यातून ऐकू यावा लागे.

मी आधी हडपसरच्या एका कचेरीत होतो. तिथे नकोसा झालो तेव्हा पुतण्या केदारने मला आणलं, माझ्यावर लिनक्स ही जुन्या यंत्रांना झेपणारी प्रणाली चढवली आणि मला काकांना दिलं. बरीच पुस्तकं आम्ही मिळून केली. पुढे माझी बॅटरी खंगली. ऐन धड्यात मी डोळे मिटायचो. मग केदारने काहीतरी फेरफार केला आणि मी दुप्पट टिकू लागलो. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला कौतुकाचा संशयच येतो.

त्यानंतर काका वाचताना अडखळू लागले. आधी त्यांना कवळीचा संशय आला, मग जिभेचा, मग डोक्याचा. ते माझ्यावर आजारांची माहिती शोधत आणि पत्नीची, म्हणजे प्रेमलाकाकूंची, चाहूल लागताच पुसून टाकत. काका काहीतरी लपवताहेत, असा काकूंना संशय. मला मोडीत काढायला केदार निमित्त शोधतोय, असा मला.

एकदा काकू पापडाचा डबा काढायला आल्या, तर काका हेडफोन लावून मान खाली घालून बसलेले. अखेर काकांनी सगळं सांगितलं.

“अहो, आमटीत मीठ कमी आहे हे आज तीनदा सांगितलंत,” काकू म्हणाल्या. “तेव्हा नाही जीभ अडखळली?”

त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवले आणि पुस्तक हातात घेतलं. दुसऱ्याच ओळीला त्याही अडखळल्या. हेडफोन काढून त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

“मला काही झालेलं नाही. लबाड हा आहे.”

केदारला बोलावणं गेलं. तो ओशाळून म्हणाला, की आवाज पाण्यासारखा येतो. आधी मी तो वाटीवाटीने पुढे ओतायचो, केदारने मला बादली दिली. बादली भरेपर्यंत मला डुलकी मिळते, बॅटरी वाचते. पण आवाज कानात किंचित उशिरा पोचतो, आणि स्वतःचा आवाज असा मागून आला की भल्याभल्यांची जीभ अडखळते. हेडफोन काढून वाचा, असंही त्याने सुचवलं. काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू तो प्रूफ न पाहता छापा म्हणत होता.

“मग वाटी घ्या. पण बॅटरी निम्मी होईल,” केदार म्हणाला. “दोन्ही नाही मिळणार काका, या वयात.”

“कुणाच्या वयात?” काकूंनी विचारलं.

काका हळूच म्हणाले, “वाचताना वाटी. नुसतं ऐकताना बादली.”

केदारने तसं केलं. काकांनी एक पान वाचलं, मग तेच पुन्हा. जीभ कुठेच अडली नाही. तरी त्यांचा विश्वास बसेना. तिसऱ्यांदा वाचलं, तेव्हा कुठे त्यांनी हेडफोन काढले.

मित्रांनो, म्हाताऱ्या यंत्राला जरूर जपा. त्याची बॅटरी वाचवा. पण ती कशाच्या बदल्यात वाचतेय, हेही विचारा. आणि काही बिघडलं की पहिला संशय स्वतःवरच घेऊ नका.

मग काकांनी ते पत्र उघडलं आणि आवाजातच उत्तर दिलं. “बुद्धभूषणजी, दिगंबर बोलतोय. वाचा गेली असं वाटून गप्प होतो. ती आहे. पुस्तक सांगा. धडे तेवढे लहान ठेवू, आमचा लॅपटॉप दमतो.”

दोनदा ऐकून खात्री केली. मग डोळे मिटून त्यांनी कळ दाबली आणि उत्तर गेलं.