हरिकेनचं नाक

कॉफीचा चमचा हरिकेनच्या नाकावर ठेवला की शेपटी नखभर वर यायची. चमचा उचलला की पुन्हा तेवढीच खाली. मी हे तीनदा करून पाहिलं. मग चमच्याऐवजी नाकाला पत्र्याचा डबा टांगला आणि त्यात एकेक नट टाकत गेले. विमान सरळ आडवं झालं तेव्हा डबा काढून काट्यावर ठेवला. सव्वातीन किलो.

विमान दुसऱ्या महायुद्धातल्या खऱ्या हरिकेन लढाऊ विमानाच्या एक पंचमांश आकाराचं, रेडिओवर उडवायचं. पंख आठ फुटांचे. माझ्या घरात ते मावत नाही, म्हणून आईच्या अंगणात, सॉनाच्या, म्हणजे लाकूड पेटवून तापवायच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत तुळईला दोन दोऱ्यांनी टांगलेलं होतं. युद्धाच्या काळात आई इथल्याच, कॅनडातल्या थंडर बेच्या विमान कारखान्यात खऱ्या हरिकेनना रिव्हेट ठोकायची. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आमच्या क्लबचा उड्डाणाचा दिवस होता आणि यंदा त्या कारखान्यातल्या हयात बायकांना बोलावलं होतं. अर्धा जुलै संपला होता. विमानाला इंजिन नव्हतं.

हरिकेनचं नाक मुळातच आखूड. त्यात मी शेपटीकडची प्रत्येक लाकडी पट्टी खऱ्यासारखी बसवली होती, त्यामुळे मागे जड झालं. शेपटीत ग्रॅम वाढला की नाकात तीन वाढवावे लागतात. म्हणजे मला इंजिनही हवं होतं आणि वजनही.

शनिवारी दुपारी ओरेस्ट बुटांच्या खोक्यात इंजिन घेऊन आला. ओरेस्ट आमच्या क्लबचा अध्यक्ष. त्याला कोणाचंही विमान बिनइंजिनाचं बघवत नाही.

"फोर-स्ट्रोक. जपानी. आवाज म्हणजे मखमल," तो म्हणाला.

"वजन?"

"तुला दुसरं काही विचारता येतं का गं? लग्नाआधी नवऱ्यालाही काट्यावर उभं केलं असशील."

"लग्नानंतर केलं. तिथेच चुकलं."

मी इंजिन काट्यावर ठेवलं. एक किलो दोनशे ग्रॅम.

"दोन किलो शिसं भरावं लागेल," मी म्हणाले.

"मग भर की. सगळेच भरतात."

"दोन किलो शिसं नुसतं बसून प्रवास करणार. प्रॉपेलर फिरवणार नाही, काही नाही."

"आपल्या कमिटीत असे चारजण आहेत. क्लब उडतोच ना?"

मी हसत होते तेवढ्यात पलीकडच्या लाकडाच्या कोठीतून आवाज सुरू झाला. आधी एक खोकला, मग दुसरा, मग एकदम मोकळा, दणकट घरघराट. ओरेस्टने खोक्याचं झाकण हातातच धरून ठेवलं.

तो माझ्या वडिलांच्या, आर्वोंच्या, साखळीच्या करवतीचा आवाज होता. वडील जंगलात लाकूडतोडीच्या कामावर होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. जळण आता ट्रकवाला फोडून आणून टाकतो. करवतीला काही काम उरलेलं नाही. पण दर शनिवारी, सॉना पेटवायच्या आधी, आई कोठीत जाते, दोरी ओढते, मिनिटभर करवत चालू ठेवते आणि बंद करते. विचारलं तर म्हणते, इंजिन जाम होऊ नये म्हणून. माझ्या भावाने ती करवत दोनदा मागितली. दोन्ही वेळा आई म्हणाली, "बघू."

ओरेस्टला जे त्या क्षणी सुचलं ते मला वसंतातच सुचलं होतं. आई बिंगोला गेली असताना मी करवत काट्यावर ठेवली होती. पातं, साखळी, मुठी आणि टाकी अंदाजाने वजा केली, विमानात बसवायला लागणाऱ्या ब्रॅकेटचं वजन मिळवलं, आणि उत्तर तीन किलोंच्या थोडं वर आलं. मी करवत होती तशी खिळ्याला अडकवली आणि कोणाला बोलले नाही. करवत मागणं एक वेळ जमलं असतं. पण तिच्याबरोबर शनिवारचं ते मिनिटही मागितल्यासारखं झालं असतं.

"रित्वा!" ओरेस्ट ओरडला. "साठ सीसीची तरी असेल! अगं, शिसं कशाला, तिचंच इंजिन—"

मी त्याच्या पायावर पाय दिला.

"पाय का देतेस?"

"कोणी कोणाला पाय दिला?" आई दारात उभी होती. हाताला तेल, डोक्याला रुमाल. "ओरेस्ट, तू आलास की घरात आरडाओरडा. चला, कॉफी झालीय."

स्वयंपाकघरात आईने वेलदोड्याचा पाव कापायला घेतला. कापता कापताच म्हणाली, "कशाचं इंजिन?"

ओरेस्टने माझ्याकडे पाहिलं. मी कपाकडे पाहिलं.

"करवतीचं, काकू," तो म्हणाला. "विमानाला. चूक माझी. मला आवाज आवडला."

"आवाज तिचा चांगलाच आहे." आईने त्याच्या ताटलीत पावाचा जाड तुकडा ठेवला, माझ्या ताटलीत पातळ. "तुला केव्हा सुचलं, रित्वा?"

"वसंतात."

"वाटलंच. दोरी उलटी गुंडाळली होतीस."

मी पावाचा पातळ तुकडा मोडला.

"करवतीचं काय काय काढावं लागतं?"

"साखळी, पातं, मुठी, दोरीसुद्धा. फक्त इंजिन ठेवायचं."

"परत जोडता येतं?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही," मी म्हणाले. "प्रॉपेलर बसवायला दांडा तासावा लागतो. परत करवत होणार नाही."

"आणि विमान पडलं तर?"

"पडत नाही हो, काकू," ओरेस्ट म्हणाला. "रित्वाने बांधलंय म्हटल्यावर—"

"तुला विचारलं नाही. तू मागच्या वर्षी दोन पाडलीस."

"दीड."

"दीड कसं?"

"एकाचा पंख वाचला."

"पडू शकतं," मी म्हणाले. "पहिल्या उड्डाणात जास्त भीती. मी सगळं तपासेन, पण पडू शकतं."

आईने सुरी पुसली, रुमाल सारखा केला आणि बाहेर गेली. जाळीचं दार आपटलं.

ओरेस्ट हळू आवाजात म्हणाला, "संपलं. मी शिसं आणू का?"

"पाव खा."

खिडकीतून मला ती दिसत होती. ती कोठीत न जाता आधी विमानाकडे गेली. सॉनाच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. दोऱ्यांवर टांगलेल्या हरिकेनच्या नाकाखाली तिने तळहात धरला आणि ते हळूच खाली दाबलं. शेपटी वर आली. सोडलं, शेपटी खाली गेली. पुन्हा दाबलं. दाबता दाबता तिचे खांदे हलायला लागले. मी खुर्चीवरून उठलेच होते, तेव्हा कळलं की ती हसतेय.

ती परत आली तेव्हा दोन्ही हातांत करवत होती. पावाशेजारी वर्तमानपत्र पसरून तिने ती टेबलावर ठेवली. तेलाचा आणि वेलदोड्याचा वास एकत्र झाला. हसू अजून आवरत नव्हतं. तिने रुमालाने डोळे टिपले.

"तुला ठाऊक आहे ना," ती ओरेस्टला म्हणाली, "आर्वो आयुष्यभर झाडं पाडत राहिला, पण झाडावर कधी चढला नाही. उंचीला घाबरायचा. या घराचं छप्पर मी रंगवलं, तो खाली शिडी धरून डोळे मिटून उभा. म्हणायचा, हेल्मी, झालं का? हेल्मी, झालं का?"

ओरेस्ट इतक्या जोरात हसला की त्याची कॉफी सांडली. मग मीही.

"आणि आता याला वर पाठवायचं," आई म्हणाली. तिने करवतीच्या मुठीवरचं तेल अंगठ्याने पुसलं. मग माझ्याकडे वळली. "एक सांग. वर गेल्यावर खाली ऐकू येतं?"

"येतं. मैदानाच्या पलीकडच्या टोकालासुद्धा."

"असंच?"

मी विचार केला. "अगदी असंच नाही. मोठा प्रॉपेलर फिरवायचाय, त्यामुळे इंजिन जरा सावकाश चालेल. आवाज खालच्या पट्टीत येईल. पण तोच."

आईने करवत उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली. इंजिन अजून कोमट होतं.

"घे," ती म्हणाली. "रविवारी त्या बायकांना दाखव हवं तर. पण दर शनिवारी उडवायचंच. सॉना पेटवायच्या आधी."