खुर्चीवर बसायचं की नाही

मिलसमोरच्या धरण्यावरून उठलो आणि उजव्या पायातली चप्पल फरपटायला लागली. पाऊल वर उचलेचना. दुखत नव्हतं, म्हणून जास्तच भीती वाटली. वाचनालयातल्या वैद्यकीय पुस्तकात मला याची बरीच कारणं सापडली आणि सगळी माझीच वाटली.

"अहो, पुस्तक ठेवा आणि डॉक्टरकडे चला," बायको म्हणाली. "लकवा असला तर?"

डॉक्टरांनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या उंचवट्यावर बोट ठोकलं. पावलापर्यंत झिणझिण्या गेल्या.

"लकवा नाही. इथे नस दबली आहे. मांडी घालून फार वेळ बसता?"

"दिवसभर. मिलच्या फाटकापुढे."

"वजनही उतरलंय. डायटिंग करता?"

"नाही," बायको म्हणाली. "मिल बंद आहे."

अंगावरची चरबी गेली की नस हाड आणि जमिनीमध्ये चेपते, डॉक्टर म्हणाले. खुर्चीवर बसलात तर पाय सुधारेल. असंच चालू ठेवलंत तर सांगता येत नाही.

जन्मभर मागावर उभा राहिलो तेव्हा पायाला काही झालं नाही, आणि आता बसून पाय जाणार? मला काही समजेना. शिवाय धरण्यावर खुर्च्या फक्त नेत्यांना. आम्ही सगळे सतरंजीवर. घरी राहावं, तर फुटून मॅनेजमेंटला मिळाला म्हणतील. तसे दोघं-तिघं फुटलेही होते.

दुसऱ्या दिवशी घरची फोल्डिंग खुर्ची नेली. ती उघडतोय तोच शेजारच्या मागावरचा संताजी ओरडला, "अरे वा भिया, नेताजी आ गए! भाषण केव्हा?"

"डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर म्हणाले की मॅनेजर?" मागून कुणीतरी विचारलं. सगळे हसले.

खुर्ची मिटून उभा राहिलो, तर "बैठ जाओ, दिखता नहीं!" शेवटी भिंतीपाशी, सगळ्यांच्या मागे खुर्ची टाकून बसलो. घोषणांना हात वर करत होतो, पण तो कुणाला दिसत होता का, कोण जाणे.

दुपारी संताजी आला आणि खुर्चीपाशी उकिडवा बसला. "बघू तरी पाय."

मी पाय उचलला. पाऊल लोंबत राहिलं. त्याचं हसू गेलं.

"माझापण डावा असाच सुन्न होतो रे," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, थंडीनं."

मी उठलो. "बस थोडा वेळ. बस."

त्यानं मागे वळून सतरंजीवरच्या लोकांकडे पाहिलं.

"पागल है क्या," म्हणाला. पण उठून गेलाही नाही. मी पुन्हा बसावं की उभंच राहावं, ते मला ठरवता येईना.